मेश्रामजींची सिंगल बेल

आमचे शेजारी मेश्रामजी पत्ते खेळताना सायकलची घंटी वाजवतात. एकदा वाजली की डाव सोडला, दोनदा वाजली की डाव पुढे. जन्मभर बसचे कंडक्टर होते. रिटायर झाले, बेल काही सुटली नाही.

पत्तेही साधे नाहीत. पोकर. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलाने फोनवर शिकवलं आणि स्वतःला खेळायला वेळ नाही म्हणाला. मग अख्ख्या कुडवा गावात सापडले मी. दवनीवाड्याच्या दवाखान्यात दिवसभर सुया टोचून स्कूटीने परतावं, तर हे फाटकात उभे.

"या सिस्टर, सीट खाली आहे."

शिकवणी एका दमात झाली. दोन पत्ते हातात, पाच मधे उघडायचे, पैशाच्या जागी चिंचोके लावायचे, ज्याची जुळणी भारी त्याचे; डाव सोडला तर समोरच्याचे. मीही पहिल्याच दिवशी बजावलं, माझे चिंचोके संपले की मी घरी. स्वयंपाक पडलेला असतो.

काल पाय फार भरून आले होते. लवकर हरावं म्हणून हातात नुसती सत्ती-दुर्री असताना सगळे चिंचोके मधे ढकलले. मेश्रामजींनी आपले पत्ते पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

टिंग.

"काऊन सोडलं?"

"पत्तेच नाही येऊन राहिले, सिस्टर."

पुढच्या डावात पुन्हा सगळे ढकलले. टिंग. हरायला बसलेली बाई जिंकतच चालली. आणि हे डब्यातून स्वतःसाठी नवे चिंचोके काढत म्हणतात, "तुमच्या हाताले गुण आहे." इतका मठ्ठ शिकाऊ मी नर्सिंगलाही पाहिला नव्हता.

आणखी एक टिंग झाली आणि ते चहा आणायला आत गेले. मी पत्ते गोळा करायला घेतले, तर त्यांनी पालथे टाकलेले दोन उलटले. दोन्ही राण्या. तिसरी मधे उघडी होतीच.

माझ्याकडे साधी जोडीही नव्हती. डबल बेल दिली असती, तर मी केव्हाच घरी पोचले असते.

मेश्रामजी कप सांभाळत आले. माझ्या ढिगाकडे पाहून म्हणाले, "तुमचे तं संपूनच नाही राहिले, सिस्टर. आता कायले जाता?"

घरी कणीकसुद्धा मळलेली नव्हती.

मी राण्या गड्डीत मिसळल्या, पत्ते पिसले. घंटी माझ्याकडे ओढली आणि दोनदा वाजवली.