बेलग्रेव्हला विकण्यासाठी दिलेली दोनशे शहात्तर मतं

ज्या कामात माणसाला कुणी विचारत नाही, त्या कामाविषयी त्याची मतं सर्वांत पक्की असतात. हा निसर्गाचा नियम आहे, आणि तो आहे म्हणून बरं चाललंय. कारण ज्यांना खरोखर विचारलं जातं ती माणसं बहुधा "बघू" एवढंच म्हणतात.

माझा नवरा लाइल कधी "बघू" म्हणत नाही. तो टोलेडोच्या पाणीखात्यात मीटर तपासतो. पाण्याविषयी त्याला एकही मत नाही. बास्केटबॉलविषयी मात्र त्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दोनशे चौदा मतं मांडली. त्यातली मागितलेली नऊ. (सात त्याच्या काकांनी मागितली, दोन मी, लग्नाच्या वाढदिवसाला, दुसरा विषयच निघेना म्हणून.)

आमच्या शहराचा संघ टोलेडो ग्लेझर्स. गाव काचेच्या कारखान्यांचं, म्हणून संघाला काच बसवणाऱ्यांचं नाव दिलंय. आपण काच बसवणारे आहोत की स्वतःच काच, हे संघाला अजून ठरवता आलेलं नाही. तिसऱ्या सत्रात तडा जातो आणि चौथ्यात नुसते तुकडे वेचायचे उरतात. अशा संघाला मार्गदर्शनाची गरज असते. ते आमच्या गॅरेजमधून होतं.

गॅरेजमध्ये एक हीटर, दोन घडीच्या खुर्च्या आणि एक समिती आहे. समितीला जागा लागते म्हणून गाडी बाहेर बर्फात उभी असते आणि रोज सकाळी मी ती फावड्याने उकरून काढते. समितीचे अध्यक्ष लाइल. ज्येष्ठ सदस्य स्टॅश काका, अडतीस वर्षं काचेच्या भट्टीवर काढलेले. जुनं मैदान पाडल्यापासून जन्माला आलेला एकही खेळाडू त्यांना मान्य नाही. बैठक दर शनिवारी जेवणानंतर. गणसंख्या दोन. एक जण बाथरूमला गेला तर ठराव थांबतो.

समितीची विचारसरणी फार स्वच्छ आहे. खेळाडू आपण होऊन संघ सोडून गेला तर तो गद्दार. संघाने त्याला विकलं तर तो व्यवहार. विकल्याबद्दल त्याने तक्रार केली तर घरचं वळण नाही, आणि नाही केली तर पोटात आग नाही. खेळाडूने शहरावर जीव लावावा, हा समितीचा आग्रह आहे. कुणाला विकायचं याची यादी हीटरच्या वर चिकटवलेली असते.

विकलेल्या खेळाडूची जर्सी फेकायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. पाठीवरच्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर काळ्या पेनाने नवं नाव लिहायचं. लाइलच्या पाठीवर चार थर झालेत. खुर्चीला टेकून बसलं की टोचतं. पण निष्ठा म्हटली की थोडं टोचायचंच.

यंदा यादीत सर्वांत वर मार्क्विस बेलग्रेव्हचं नाव होतं. बेलग्रेव्ह संघातला सातवा-आठवा गडी. मुख्य खेळाडू दमले की उतरायचा, चेंडू नीट दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि परत बाकावर येऊन बसायचा. त्याच्यावर समितीचे तीन आरोप होते. तो फार पास देतो. तो फ्री थ्रो टाकण्याआधी फार वेळ श्वास घेतो. आणि हरल्यावर त्याचा चेहरा पुरेसा पडत नाही.

आता हाच बेलग्रेव्ह आमच्या मुलीच्या पाळणाघरात रोज सकाळी दिसायचा. त्याची बायको सिमोन हिला मुलगी साध्या मुलांत वाढायला हवी होती. म्हणून त्यांची जूनो आमच्या टिलीच्या वर्गात. दोघी चार वर्षांच्या. दुपारी झोपायच्या गाद्या शेजारी-शेजारी. टिलीला झोप लागेपर्यंत कुणाचा तरी कान धरावा लागतो. घरी माझा. तिथे जूनोचा. जूनोची हरकत नसायची.

जानेवारीत एकदा आमची गाडी पाळणाघरासमोर बर्फात रुतली, तेव्हा बेलग्रेव्हनेच ती ढकलून बाहेर काढली. मी घरी येऊन सांगितलं. लाइलने सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "ढकलताना डावा पाय वापरला का त्याने? नसेलच वापरला."

"अरे, जूनोचा बाबा आहे तो. त्यांना घालवून टिलीचं काय होईल?"

"मी बेलग्रेव्हबद्दल बोलतोय," लाइल शांतपणे म्हणाला. "जूनोच्या बाबाबद्दल मी कधी वावगं बोललोय का?"



पण नको असलेला माल विकायचा तर त्याला भाव हवा, आणि इथे समितीची प्रतिभा दिसली. हंगामाच्या मध्यावर सगळ्या संघांतले तारे निवडून त्यांचा एक सामना होतो, ऑल-स्टार. (त्यात कुणी कुणाला अडवत नाही, आमचा संघ हे वर्षभर विनामोबदला करतो.) तारे निवडताना जनतेची मतं घेतात, फोनवर बटण दाबून, रोज एक. काकांनी मुद्दा मांडला: बेलग्रेव्हला खूप मतं पडली, तर त्याचा भाव वाढेल, भाव वाढला, तर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या आत तो खपेल. थोडक्यात, त्याला हाकलायचं असेल तर आधी तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक आहे असं सिद्ध करायला हवं.

ठराव एकमताने मंजूर झाला.

मतदान शेहेचाळीस दिवस चाललं. मतदार सहा: लाइल, काका, मी (मला न विचारता), आमची कुत्री, काकांची बायको वांडा काकू (वारून नऊ वर्षं झाली, पण ती असती तर याच मताची असती, असं काका म्हणतात), आणि टिली. टिलीचं मत टिली स्वतः द्यायची. नाश्त्यानंतर बाबाच्या मांडीवर बसून, दुधाने ओलं झालेलं बोट फ्रॉकला पुसून, बेलग्रेव्हच्या फोटोवर टेकवायची आणि म्हणायची, "जूनोचा बाबा!" तिला वाटायचं, तो आवडतो म्हणून आपण हे करतोय. लाइलने तिची समजूत बदलली नाही. मीही नाही, हे नोंदवून ठेवते.

शेहेचाळीस गुणिले सहा, दोनशे शहात्तर. देशभरातून बेलग्रेव्हला एकूण मतं पडली एक हजार नऊशे चार. पहिल्या आलेल्या खेळाडूला बत्तीस लाख. समितीने निकालाचं स्वागत केलं. "हवा तयार झालीय," काका म्हणाले.

मुदत संपत होती फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, दुपारी तीनला. तीन वाजून दहा मिनिटांनी मी पाळणाघराच्या दारात टिलीला हातमोजे घालत होते. तिचा अंगठा अंगठ्याच्या जागी कधीच जात नाही. प्रत्येक वेळी आत बोट घालून त्याला शोधून आणावं लागतं. समोरच्या बाकावर सिमोन जूनोला बूट घालत होती. फोन वाजला. हात मोकळा नव्हता, म्हणून मी कोपराने स्पीकर लावला.

"गेला!" लाइल ओरडला. "अगं, गेला! बेलग्रेव्ह गेला! आपण केलं हे! गॅरेजने केलं!"

(खेळाडूच्या बदलीची बातमी पोचायचा क्रम ठरलेला असतो: आधी बातमीदार, मग गॅरेजेस, मग खेळाडू, मग त्याची बायको. सिमोनचा फोन खुंटीवरच्या कोटात होता.)

"कुठे?" सिमोनने विचारलं. मला नव्हे, फोनला.

"कोण बोलतंय?"

"सिमोन. कुठे गेला?"

फोनमधून नुसता हीटर ऐकू येऊ लागला. सात वर्षांच्या संसारात लाइलच्या बोलण्यामागचा हीटर मी प्रथमच ऐकत होते.

"सॅन डिएगो," लाइल म्हणाला. मग म्हणाला, "तिकडे हवा चांगली असते, वहिनी." (वहिनी हे नातं त्याच क्षणी जुळलं.)

"बदल्यात काय आलं?"

"निवडहक्क. नव्या पोरांतून एक उचलायचा. दुसऱ्या फेरीत."

"म्हणजे चांगली उचलून झाल्यावर. कधी?"

"सहा वर्षांनी."

"एकच?"

"एकच."

सिमोनने जूनोच्या बुटाची चेन वरपर्यंत ओढली. "मार्क्विसला एवढ्यात कुणी सांगू नका," ती म्हणाली. "त्याला वाटत होतं, निदान दोन तरी येतील."

मार्क्विसला त्याच संध्याकाळच्या विमानाने जायचं होतं. बायको-मुलगी रविवारी. मी सिमोनला म्हटलं, खोकी भरायला येते. ती म्हणाली, "नको गं. आम्ही खोकी टाकतच नाही. हे पाचवं गाव."

घरी आलो तेव्हा समितीचं अधिवेशन स्वयंपाकघरात भरलं होतं. काकांनी पोंचके आणले होते. जॅम भरलेले हे तळलेले गोळे आमच्याकडे उपवासाच्या दिवसांआधी खातात, पण काका म्हणाले, आजचा दिवस त्यात धरावा. लाइलने तीनपासून अकरा फोन केले होते आणि रेडिओवर एकोणीस सेकंद बोलला होता. सगळीकडे निवेदन एकच: हे गॅरेजच्या मतांनी घडलं.

टिलीच्या अंगात वाढदिवसाला जूनोने दिलेली जर्सी होती, गुडघ्यापर्यंत येणारी, पाठीवर बेलग्रेव्ह. लाइल चिकटपट्टी घेऊन तिच्या मागे गुडघ्यांवर बसला. पद्धत म्हणजे पद्धत.

"बाबा, जूनो कुठे चाललीय?"

"लांबच्या गावाला, राणी. तिच्या बाबाची अदलाबदल झाली. आपण त्यांना तिचा बाबा दिला, आणि त्यांनी आपल्याला…"

"काय दिलं?"

"एक मुलगा देणार आहेत. मोठा, उंच. सहा वर्षांनी."

"आत्ता कुठाय तो?"

लाइलने काकांकडे पाहिलं. काकांनी हिशेब केला. "आत्ता असेल तेरा वर्षांचा. कुठल्यातरी गावात सातवीत. गणितात मार खात असेल."

"नाव काय त्याचं?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

"मग तो चांगला आहे कशावरून?"

समितीच्या इतिहासात हा प्रश्न कधी विषयपत्रिकेवर आला नव्हता. काकांनी आणखी एक पोंचका घेतला.

टिली आपल्या बोटाकडे बघत होती. तेच बोट, आता त्याला जॅम लागला होता. तिने ते जर्सीला पुसायला नेलं, आणि मधेच थांबवलं.

"मी रोज दाबलं म्हणून जूनो गेली का?"

इथे घटनात्मक पेच उभा राहिला. अकरा फोन आणि एकोणीस सेकंद नोंदीत होते. गॅरेजने केलं, हे खरं असेल, तर त्या सहा मतदारांत हे जॅमचं बोट होतं. खोटं असेल, तर लाइलच्या आयुष्यातले अठरा हिवाळे गेले. काकांचं चावणं थांबलं. लाइलच्या अंगठ्याला चिकटपट्टीचा तुकडा लोंबत होता.

"नाही गं," तो म्हणाला. "ते बटण कुठेच जात नाही."

"तुझं?"

"माझंही नाही." त्याने अंगठ्यावरचा तुकडा ओढून काढला. "बाबा गॅरेजमध्ये जे बोलतो ना, ते कुणी ऐकत नाही. कुणीच नाही. त्यांना ठाऊकसुद्धा नाही की मी आहे."

"आणि स्टॅश आजोबांचं?"

"त्यांचं तर मुळीच नाही."

टिलीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग स्वतःचा अर्धा उरलेला पोंचका त्याच्या हातात दिला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जॅमसकट. दोनशे चौदा मतांत, कुणी ऐकत नाही, याइतकं अचूक मत त्याने एकही मांडलं नव्हतं. मी त्याच्यावर प्रेम केलं ते चुकून नव्हे, हे मला त्या मिनिटाला आठवलं. चिकटपट्टी त्याने गोळा करून खिशात टाकली.

काका उठले. टोपी घातली. "लाइल," ते म्हणाले, "मुलांच्या देखत असलं बोलायचं नसतं." आणि निघून गेले. (निषेध शनिवारपर्यंत टिकला.)

शनिवारी गॅरेजमध्ये बैठक झाली. अध्यक्षांचं गुरुवारचं विधान "बालकाच्या समाधानापुरतं" होतं असा खुलासा होऊन ते कामकाजातून वगळण्यात आलं. नंतरच्या आठवड्यात बेलग्रेव्हने सॅन डिएगोकडून खेळताना चोवीस गुण केले आणि सामना हरल्यावर, म्हणे, त्याचा चेहरा चांगलाच पडला. "मी म्हणालोच होतो, हा ऑल-स्टार आहे," लाइल म्हणाला; आणि ते खरं आहे, शेहेचाळीस वेळा म्हणाला होता. काकांनी ताबडतोब ठराव मांडला की, ज्या कुणा मूर्खांनी असला हिरा घालवला, त्यांनी तो परत आणावा. आणि त्यासाठी तो सहा वर्षांनी यायचा मुलगा देऊन टाकावा. म्हणजे सातवीतला एक पोरगा, ज्याला अजून कुणी उचललेलंही नाही, आमच्या गॅरेजमधून विकायला निघालाय. तो हरल्यावर चेहरा पाडतो की नाही, याची चौकशी चालू आहे.

जूनोची गादी पाळणाघरात अजून टिलीच्या शेजारीच आहे. बाई एका नव्या मुलीला तिथे झोपवायला गेल्या तेव्हा टिलीने सांगितलं, ही धरलेली आहे, सातवीतल्या मुलाची, तो उंच आहे, पाय बाहेर येतील, पण चालेल. दुपारी ती आता स्वतःचाच कान धरून झोपते. त्या मुलाला विकायचा विचार मनात न आणता त्याची वाट बघणारं माणूस माझ्या माहितीत एवढं एकच.

हे तुम्हालाही हिशेबात धरून सांगतेय. "एकच?" असं सिमोनने विचारलं, तेव्हा तुमच्याही मनात आलं होतं, की एका निवडहक्कात बेलग्रेव्ह जरा स्वस्तातच गेला. आत या. खुर्च्या दोनच आहेत, पण तिसरी आणता येईल. गाडी बाहेरच असते.