सांधा सोडवणारा माणूस

आखाडातला शेवटचा रविवार परवावर आलेला आणि कोरेगावचे मटणवाले जैनुद्दीन मुलाणी नेमके आपल्याच दुकानात कोसळले. मुलगा मुजीब सांध्यावर सत्तूर उगारत होता. "आरं, हाड फोडतोस व्हय? सांधा सोडव!" म्हणत चाचा धावले आणि ओल्या फरशीवर पाय गुडघ्यातून फिरला. तीस वर्षं सुरीच्या टोकानं सांधे अलगद सोडवणारा माणूस तो, त्याला हे कसं बघवावं?

पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टर आम्रपालींनी एक्स-रे पाहिला. "चाचा, हाडं शाबूत आहेत. आतलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन करावं लागेल. दुकानात उभं राहणं बंद."

"आवं, रविवारी मुजीबच्या हाती सत्तूर दिला तर लोकं चुरा घिऊन जातील! सगळी गिऱ्हाइकं जातील माझी! आन् तुटलंय ते ह्या फोटूत कुठं हाय?"

"ते एक्स-रेत दिसत नाही."

"घ्या! दिसत न्हाई, पर तुटलंय! मला सांधा शिकवता व्हय? मुजीब, दुकानातनं एक गुडघा आण!"

मुजीबनं तराजूत होती तीच तंगडी सुरीसकट उचलून आणली. पाठोपाठ गिऱ्हाईक बाळासो धापा टाकत आत आले. "आवं, तंगडी माझी हाय! पाव्हणं बसल्यात घरी!"

"बसू द्या की जरा," चाचा म्हणाले.

तोवर बाहेरचे पेशंटही दारात जमले. टेबलावर पेपर अंथरला गेला आणि चाचा रंगात आले. "हाडं म्हंजी नुसती दांडकी. ही टोकाची चकचकीत कूर्चा, ही नसंल तर हाडाला हाड घासंल. ही शीर मांस हाडाला बांधती. आन् ही आतली चिवट दोरी दोन्ही हाडं धरून ठिवती. ही कापली, की..." सुरीचं टोक आत गेलं आणि खालचं हाड पुढं सरकलं. "झालं! जनावर कामातनं गेलं!"

"लय भारी!" बाळासो पाव्हण्यांना विसरूनच गेले.

डॉक्टरांनी चाचांची पोटरी दोन्ही हातांनी धरून हलकेच ओढली. पाय अगदी तस्साच पुढं सरकला.

चाचांनी तंगडीकडं पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडं. माणूस खरोखर भ्याला होता.

"सोडवता झकास, चाचा," डॉक्टर म्हणाल्या. "आता हा जोडून दाखवा."

चाचांनी सुरी पुसून मुजीबच्या हातात ठेवली. "रविवारी तूच उभा ऱ्हा." मग पुढं वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "पोरी, तुला जोडाय येतंय न्हवं?"

"येतंय."

"मग मगाचं माझं काय बी मनावर घिऊ नगंस."