कोणीही बघू नये

पदार्थ मुळात कण आहे की लाट, हे कोडं मानवजातीला कधी ना कधी सोडवावंच लागणार होतं. ग्योटिंगेनमधल्या आन्सेल्म क्यूनर्टला ते शुक्रवारी अकरापर्यंत सोडवायचं होतं. प्रबंधावर दोन्ही परीक्षकांच्या सह्या झाल्या नाहीत, तर कासेलच्या शाळेतली नोकरी दुसऱ्याला जाणार होती.

परीक्षकांपैकी ब्राइटहाउप्ट कणवाले आणि हेनिंग लाटवाले. सहा वर्षांत दोघांची एका कागदावर सही झालेली नव्हती.

आन्सेल्मने काचेच्या नळीत, सोन्याच्या वर्खातून, अगदी बेताबेताने इलेक्ट्रॉन सोडले होते. पलीकडच्या फोटोच्या काचेवर वर्तुळं उमटली तर लाट, ठिपका उमटला तर कण. उजेड लागला की असली काच बिघडते, म्हणून खोलीत दहा दिवस काळोख हवा होता. पण गडी या विषयात इतका मुरलेला, की 'उजेड करू नये' असं लिहायचं सोडून दारावर त्याने पाटी लावली, 'प्रयोग चालू आहे. कोणीही बघू नये.'

शुक्रवारी त्याने अंधारात चाचपडत काच काढली आणि धुतली. वर्तुळं नाहीत, ठिपका नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट. तीच त्याने दोघा परीक्षकांपुढे ठेवली.

"बघा, सगळीकडे पसरलाय," हेनिंग म्हणाले. "लाट नाही तर काय?"

ब्राइटहाउप्टनी भिंग लावलं. "कणच कण आहेत. मोजून घ्या."

"लाट कधी मोजतात होय?"

"मग काय बादलीत भरतात? क्यूनर्ट, तुमचं म्हणणं काय?"

आन्सेल्मचं काही म्हणणंच नव्हतं. "मला दोघांचंही पटतंय, सर."

आपलं याला पटलंय आणि समोरच्याचं नुसतं मन राखलंय, असं दोघांनाही वाटलं. दोघांनी सह्या केल्या. वर 'उत्कृष्ट' असा शेरा.

ते गेल्यावर झाडूपोछा करणाऱ्या मायनेकेबाई बादली घेऊन आल्या.

"बाई, या खोलीत कोणी आलं होतं का हो?"

"कोण येतंय? मीच आपली, रोज सकाळी सातला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? खिडक्या उघडायला. खोलीत वारा खेळायला नको? अर्धा तास उघडायच्या नि लावून घ्यायच्या. तीस वर्षं करतेय."

"अहो, पण दारावरची पाटी..."

"वाचली की. म्हणून तर डोळे मिटून उघडत होते. दोनदा गुडघा फोडून घेतला."

"कशावर?"

"त्या तुमच्या नळीच्या टेबलावर. वायर पायात येत होती, मग काढूनच ठेवली."

आन्सेल्मने खिडकीकडे पाहिलं. कट्ट्यावर नळीची वायर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती. पहिल्या दिवसापासून.