झोपेतली बढती

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही. पण माझ्या मेहुण्याला नोकरीत बढती मिळाली ती गाढ झोपेत. तीही परक्या घरात, परक्या गादीवर.

मेहुणा गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस. तिथली रीत अशी, की तपासनिसानं गादीवर आडवं व्हायचं. झोप लागली तर गादी पास. आणि झोपलेल्या तपासनिसाला कुणीही उठवायचं नाही, अगदी मालकानंसुद्धा. उठवलं की तपासणी बाद! म्हणजे कामावर झोपणं ही निष्ठा आणि जागं राहणं हा कामचुकारपणा. मेहुणा या कामात इतका मुरला होता, की त्याच्या नुसत्या घोरण्यावरून शेजारच्या खात्यातले लोक गादीत कापूस आहे की काथ्या, ते ओळखत.

पंचाईत व्हायची ती त्याच्या बायकोची. "तुमचे हे काय करतात?" असं कुणी विचारलं, की ती बिचारी हवापाण्यावर बोलू लागायची. शेवटी तिनं निर्वाणीचं सांगितलं, "खातेप्रमुखाची जागा निघालीय. ती घेऊनच घरी या. नाहीतर मी सरळ सांगेन लोकांना, हे बेकार आहेत म्हणून. ते तरी बरं दिसेल!"

त्या धास्तीनं मेहुण्याचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मुलाखतीला गेला, तर मालकांच्या दाराबाहेर खुर्ची नव्हती. एक नवी कोरी गादी तेवढी पडली होती. जरा टेकावं म्हणून तो टेकला. त्याचं टेकणं म्हणजे संपलंच!

तेवढ्यात गादी गिऱ्हाइकाकडे पोचवायला हमाल आले.

"अरे, वर माणूस आहे!"

"तपासणी चाललीय. उठवू नको, नोकरी जाईल."

"मग रे?"

"मग काय? तू पायाकडून धर."

टेम्पोनं सगळे खड्डे खाल्ले. मेहुण्यानं फक्त कूस बदलली. जिन्याच्या वळणावर गादी पार उभी झाली. हा तिला मांजरासारखा चिकटून. गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. दार उघडताच त्या कडाडल्या, "मी फक्त गादी मागवली होती!"

"हळू बोला, बाई," हमाल ओठावर बोट ठेवत म्हणाला, "साहेब कामात आहेत."

बाईंनी मालकांना फोन केला. मालक तडक हजर. पण रीत मोडायची त्यांचीही छाती होईना.

"टेम्पोत जाग नाही आली?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही."

"जिन्यात?"

"दोनदा आपटला, मालक. हूं नाही की चूं नाही."

मालकांना गहिवरून आलं. "काय ही निष्ठा! खातेप्रमुख हाच."

"आणि गादी माझीच," बाई म्हणाल्या. "आता परत न्याल तर याद राखा!"

तेव्हा कुठे मेहुण्यानं डोळे किलकिले केले. "मालक, माझी मुलाखत?"

"झाली. फार सुंदर दिलीत."

मी पाहुण्यांना इथवर सांगत आणलं, तोच आतून हिचा आवाज आला, "खोटं! साफ खोटं!"

"काय खोटं? टेम्पो?"

"टेम्पो खरा, जिना खरा, बाईसुद्धा खऱ्या. पण माझा भाऊ झोपला कुठे होता? पहिल्याच खड्ड्याला टक्क जागा झाला होता मेला! मुलाखत टळतेय म्हणून डोळे मिटून पडला होता!"