आईचा शत्रू आणि निळा दिवा

आईचं दुःख हलकं कसं करावं, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं, अशी माझी परवापर्यंत समजूत होती.

योजना साधी! बाबांच्या पायाच्या जखमेतला, त्यांना घेऊन गेलेला जंतू आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जिवंत आहे. दवाखान्यात त्याने एकाही अँटिबायोटिकला भीक घातली नव्हती. पण निळा उजेड पडला की तो खंगतो, आणि मग तेच औषध त्याला लोळवतं. "मला तो मेलेला बघायचाय," असं आई आठ महिने म्हणत होती. म्हणून संध्याकाळी औषध घातलेली बशी निळ्या दिव्याखाली ठेवायची, सकाळी तिला निकाल दाखवायचा आणि जेवायला धायरीला घरी.

सकाळी आईला घेऊन येऊन बघते तर दिवा बंद आणि बशी भरगच्च! जंतूंचे पिवळेधमक ठिपके पंगतीला बसल्यासारखे दाटीवाटीने बसलेले. आमचे शिपाई नागोराव यांना जाब विचारला, तर त्यांनी शांतपणे दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'शेवटी जाणाऱ्याने सर्व दिवे बंद करावेत. वीज फुकट मिळत नाही.' अक्षर माझंच होतं.

तोवर आई बशीवर वाकली होती.

"हाच का तो?"

"हो."

"बाळसं धरलंय. खायला काय घालतेस?"

मांसाचा अर्क, मी सांगून टाकलं.

"बरं आहे. ह्यांना शेवटी पेजसुद्धा उतरत नव्हती."

मला रडू आलं. ते लपवायला मी घाईघाईने औषध घातलेली दुसरी बशी दिव्याखाली ठेवली, निळा उजेड डोळ्यांना लागू नये म्हणून आईच्या चष्म्यावर नारिंगी गॉगल चढवला. ती थेट वेल्डिंगवाल्यासारखी दिसायला लागली. हा उजेड बाबांना मिळाला असता तर, असं तिने विचारलंच. अजून तो बशीपुरताच आहे, माणसांपर्यंत यायला वेळ लागेल, हे मी खरं खरं सांगितलं.

दोन वाजले. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत काही दिसणार नाही, जेवून येऊ. दिव्याला हात लावणार नाही, अशी नागोरावांनी शपथही घेतली. आई हलेना.

"अक्षता, तू ये जेवून. मागच्या वेळी दवाखान्यात मी ह्यांच्याजवळून जेवायलाच उठले होते. परत आले तर पलंगावरची चादर बदलून झाली होती."

मी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. भूक तर सपाटून लागली होती, पण आता उठणार कोण!