मेदकचं दीपगृह

"दीपगृहावर रखवालदार पाहिजे. ठिकाण, मेदक." सांबमूर्तींनी फळ्यावर लिहिलं आणि खडूचे हात झटकले. "चला, फोन उचला!"

हैदराबादच्या अमीरपेठेत, कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत सांबमूर्ती नव्या पोरापोरींना भरतीचं काम शिकवत. सरावासाठी दर वेळी एक खोटी जागा काढायची, ही तिथली रीत. मागच्या तुकडीला त्यांनी हिशेबनीसाची जागा दिली, तर खरेखुरे हिशेबनीस दारात येऊन उभे राहिले, चहा प्यायले आणि शिव्या घालून गेले. म्हणून या खेपेला त्यांनी डोकं चालवलं. मेदकपासून समुद्र हा एवढा लांब. तिथल्या दीपगृहासाठी कोण मरायला येतंय?

त्यांना घोर होता तो वेगळाच. मालकीणबाई झान्सीलक्ष्मींनी बजावलं होतं, "मूर्ती गारू, या तुकडीनं एक तरी माणूस कामाला लावून दाखवायचा. नाहीतर शिकवणी बंद. मग तुमचं तरी इथं काय काम?" तेव्हापासून सांबमूर्ती पोरांच्या कानीकपाळी ओरडत होते, "'नाही' हा शब्द आपल्याला ऐकूच येत नाही! समोरचा काही का म्हणेना, आपण पुढे बोलत राहायचं!"

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात शिरले, तर बसायला जागा नाही. जिन्यापर्यंत माणसं.

"प्रत्यूषा, हे कोण गं?"

"दीपगृहवाले, सर!" प्रत्यूषा तुकडीतली सगळ्यात चुणचुणीत पोरगी.

"अगं, पण मेदकला समुद्र कुठाय?"

"सगळे हेच विचारतात, सर. मी सांगते, विस्ताराची योजना चालू आहे."

खरं काय ते सांगून मोकळं व्हावं म्हणून सांबमूर्तींनी तोंड उघडलं, तेवढ्यात झान्सीलक्ष्मी आल्या आणि गर्दी बघून हरखूनच गेल्या.

"शाब्बास! क्लायंट कोण आहे?"

"गो... गोपनीय आहे, मॅडम."

"म्हणजे मोठाच असणार! मुलाखती आत्ताच घ्या, मीही बसते."

मग काय, मुलाखती झाल्या. एकाला उंचीची भीती होती, पण तो म्हणाला, "बटण खाली बसवून द्या, मी दिवा खालून लावतो." दुसरा जहाजावरचा आचारी निघाला, त्याने कोळंबीचं लोणचं कसं घालावं हे सविस्तर सांगितलं आणि मॅडमनी ते लिहूनही घेतलं. शेवटी विशाखापट्टणमच्या अप्पलराजूला निवडलं. त्याने निदान दीपगृह पाहिलं होतं.

रुजू व्हायच्या दिवशी सांबमूर्ती देवाला नारळ कबूल करूनच घरून निघाले. आणि काय सांगावं, अप्पलराजू आलाच नाही! त्याच्या जुन्या मालकाने म्हणे त्याचा पगार वाढवला होता. प्रत्यूषा रडायच्या बेतात होती. सांबमूर्तींना मात्र आनंद आवरेना. "सुटलो रे बाबा!" म्हणत त्यांनी सगळ्यांना उस्मानिया बिस्किटं वाटली. तोंडातलं बिस्किट संपायच्या आत मॅडमचं बोलावणं आलं.

"माणूस आला नाही?"

"नाही ना, मॅडम!" ते जरा जास्तच खुशीत म्हणाले.

"बरं तर. शिकवणी बंद. तुम्हीही दुसरीकडे बघा."

सांबमूर्ती खुर्चीत येऊन बसले. या वयात दुसरीकडे म्हणजे कुठे? त्यांनी मुकाट्याने नोकरीच्या वेबसाइटवर आपली माहिती भरली. भरून होते न होते तोच फोन वाजला.

"नमस्कार सर! तुमच्यासाठी एक सुंदर संधी आहे. दीपगृहावर, मेदकला..."

आवाज पलीकडच्या टेबलावरून आणि फोनमधून एकदमच येत होता.

"अगं प्रत्यूषा, मी आहे, सांबमूर्ती!"

"हो सर, तुमचा अनुभव मला फारच आवडला."

"अगं बये, दीपगृहच नाहीये तिथे! मी बनवलेली थाप आहे ती!"

"तुमची शंका अगदी रास्त आहे, सर. तर रुजू कधी होऊ शकाल?"

किती गोड बोलत होती पोर! मध्ये श्वास नाही, अडखळणं नाही. सांबमूर्तींना भरून आलं. त्यांनी मॅडमच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. फोन दुसऱ्या कानाला लावला आणि आवाज खाली आणला.

"सोमवारी येतो म्हणून सांग. पण त्यांना आधीच कल्पना दे हं... मला पोहता येत नाही."

"काही हरकत नाही, सर. ट्रेनिंग देतात."