दळवीकाकांची मुक्कामी नळी

आमचे शेजारी दळवीकाका बाथरूमला जातानासुद्धा घोषणा करून जातात. "कृपया लक्ष द्या! दळवी, बाथरूमकडे रवाना!" घरात ते एकटेच, ऐकायला कुणी नाही. पण बाळकुममधल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती इतक्या पातळ, की पलीकडे माझ्या स्वयंपाकघरात ही खबर कुकरच्या शिट्टीआधी पोचते.

खोपटच्या एसटी स्टँडवर माइकसमोर त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाले ते, गळा झाला नाही. माझी कामवाली जिन्यात दिसली, की "वैशाली, तुझी गाडी फलाटावर लागली!" पाहुणे रेंगाळले तर "जादा थांबा मिळणार नाही" असं तोंडावर सांगतात. माझ्या सासूबाई त्यावरून अजून फुगून आहेत.

गेल्या दिवाळीच्या सुमारास काकांचा अल्सर फुटला. तातडीने ऑपरेशन झालं. आतलं पाणी बाहेर यावं म्हणून पोटात एक नळी ठेवली, तिच्या टोकाला पिशवी. काकांनी ती पिशवी आपल्या जुन्या खाकी झोळीत घातली आणि वॉर्डभर गस्त सुरू केली. "आज उत्पन्न कमी आहे," असं सिस्टरला आपणहून कळवायचे.

पाणी येणं थांबलं तेव्हा डॉक्टर नळी काढायला आले. नळी हलेना. हळूच ओढून पाहिली, फिरवून पाहिली. काका असे ओरडले, की खालच्या मजल्यावरचे पेशंट उठून बसले असतील.

"आतल्या चरबीचा पदर नळीच्या भोकांत शिरलाय," डॉक्टर म्हणाले. "जोर केला तर इजा होईल. थिएटरमध्ये नेऊनच सोडवावी लागेल."

"ही गाडी मुक्कामी!" काकांनी जाहीर केलं. "सकाळीही सुटणार नाही."

आम्ही सगळे हसलो. पण मग ते सही करेनात, जेवेनात, तेव्हा माझं डोकं फिरलं. "काका, जन्मभर पोटातून नळी लोंबकळवत फिरणार आहात का?"

"फिरेन," ते म्हणाले. "कुसुमला दुसऱ्यांदा आत नेली, ती परत आलीच नाही. मी पोट पुन्हा उघडू देणार नाही."

कुसुमकाकूंना मी फक्त त्यांच्या भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. काका त्यांच्याबद्दल कधी अवाक्षर काढत नसत. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी जाऊन डॉक्टरांनाच गाठलं. पोट न उघडता जमणार नाही का, विचारलं. ते बिचारे काकांच्या खाटेवर येऊन बसले. "उघडायचंच नाहीये, काका. नळी जिथून बाहेर आलीये, त्याच वाटेने एक बारीक दुर्बीण आत सरकवायची. कुठे अडकलंय ते बघायचं आणि तेवढंच मोकळं करायचं."

"नवीन चीर नाही ना?" हे काकांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि मग सही केली. स्ट्रेचरवरून जाताना मात्र रवाना होण्याची घोषणा झाली नाही. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतली.

मी चहा पिऊन येते तो काका बाहेर! नळी निघाली होती आणि पोटावर एवढीशी पट्टी. मी म्हटलं, "चला काका, होऊ दे घोषणा!" ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, भूल उतरली नसेल.

संध्याकाळी डबा घेऊन गेले तर काका खाटेवर नव्हते. बाहेर बाकावर एक माणूस सहीचा कागद घेऊन बसला होता. त्याच्या बायकोचं पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं होतं. काका त्याच्याशेजारी बसून, त्यांच्या गळ्यातून मी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात त्याच्याशी बोलत होते.

"सही कर, पण आधी विचार. दुसरा काही मार्ग आहे का, एवढंच विचार."

"डॉक्टर चिडले तर?" तो म्हणाला.

"चिडू देत. मी येतो बरोबर." पोटावर हात दाबून काका उठले. "कुसुमच्या वेळी मी विचारलंच नाही रे."